फुली दिसेनाशी होते तेव्हा

[दृश्य : कागदावर पेन्सिलीची ठळक फुली. वर शंकुपात्र ठेवलं जातं.]

रासायनिक अभिक्रियेचा वेग कशावर ठरतो, ते या फुलीने मोजायचंय. पात्रात ५० मिलिलीटर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचं द्रावण. रोलच्या कॅमेऱ्यांच्या काळात डार्करूममध्ये फोटो पक्के करायला वापरायचे, तेच.

[दृश्य : एक मुलगी आम्ल ओतते, दुसरी स्टॉपवॉच दाबते.]

त्यात ५ मिलिलीटर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल. थोडा वेळ काहीच होत नाही. मग पुसट धुकं. मग दूध. मग पिवळट दूध. गंधकाचे कण तयार होताहेत. फुली अजून दिसतेय... दिसतेय... गेली!

[दृश्य : मोजपात्राचा क्लोजअप. मुलगी खाली वाकून पाहते.]

आता हायपो २५ मिलिलीटर आणि पाणी २५. हिची नजर बघा, बरोबर पाण्याच्या रेषेला. हे वाकणं फळ्यावर शिकवता येत नाही. एकूण आकारमान ५० च राहायला हवं. नाहीतर आम्लाची संहतीही, म्हणजे द्रावणातलं त्याचं प्रमाणही, बदलेल आणि कशामुळे काय झालं ते कळणार नाही. कण विरळ झाले, टकरी कमी झाल्या. फुली जायला जवळजवळ दुप्पट वेळ.

[दृश्य : मागच्या बाकावरचा मुलगा हात वर करतो.]

"बाई, सगळंच दुप्पट घेतलं तर?"

बाई उत्तर देत नाहीत. बाटली त्याच्या हातात देतात.

[दृश्य : दोन पात्रं शेजारी शेजारी, कॅमेरा बाजूने.]

एकात पहिल्यासारखंच ५० आणि ५. दुसऱ्यात १०० मिलिलीटर हायपो, १० मिलिलीटर आम्ल. धुकं दोन्हींत एकाच वेळी उतरतं. माणसं दुप्पट, मंडपही दुप्पट. मग गर्दी कुठे वाढली? तरी वरून पाहिलं तर मोठ्या द्रावणातली फुली थोडी आधी जाते. वेग तोच आहे, फक्त नजरेला जास्त खोल गढूळ पाणी पार करावं लागतं. या फरकावर पोरं बराच वेळ भांडली. आम्ही कॅमेरा चालूच ठेवला.

[दृश्य : वहीत आलेखाचे ठिपके जोडले जातात.]

विल्हेल्मी या जर्मन संशोधकाने १८५० मध्ये आम्लात उसाची साखर किती वेगाने तुटते ते मोजलं होतं. साखर निम्मी उरली, की वेगही निम्मा. या वहीतली रेषही तेच सांगतेय : हायपो निम्मा, की वेगही निम्मा.

[दृश्य : उघड्या खिडक्या. नळाखाली पात्रं.]

सल्फर डायऑक्साइड सुटतो, म्हणून खिडक्या उघड्या आणि पात्रं लगेच धुतलेली. पुढची जोडी बाकाशी आलीय. पहिलीची फुली जरा पुसट झाली होती. ती नव्याने गिरवली जातेय.