मुलाचं वजन आणि जीन्स : ७७ टक्क्यांचा घोळ

नमस्कार मंडळी. आज खरं तर डब्याच्या भाज्यांचा व्हिडिओ ठरला होता. गाजर, फरसबी चिरून तयार होती. मग मागच्या व्हिडिओखालच्या कॉमेंट्स वाचल्या आणि चिरलेली भाजी तशीच फ्रीजमध्ये गेली.

झालं असं, की मागच्या वेळी मी जाता जाता एक वाक्य टाकलं. मुलांच्या वजनातल्या फरकात जीन्सचा, म्हणजे आईबाबांकडून आलेल्या जनुकांचा, वाटा ७७ टक्क्यांपर्यंत निघालाय. बस. लगेच एका आईची कॉमेंट : ‘ताई, म्हणजे डबा बदला, मैदानावर पिटाळा, काहीही करा, २३ टक्केच फरक पडणार ना? मग कशाला पोराला छळायचं?’ त्याखाली लाईक्सची रांग. आणि त्याखाली एक काका : ‘आमच्या घराण्याचं हाडच मोठं.’ काका, तुमच्या हाडांकडे येतेच मी.

चूक माझी आहे. चौदा वर्षं ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवलं, मेंडेलचे वाटाणे मुलांकडून घोकून घेतले, आणि हा टक्का मात्र दरवर्षी शेवटच्या तासाला उरकला. आज उरकणार नाही.

जीन्स म्हणजे काय, ते सांगत बसत नाही. निम्मे आईचे, निम्मे बाबांचे, पुढे चला. वजनाचा असा एकच जीन नसतो. शेकडो जागी बारीकसारीक फरक असतात आणि प्रत्येकाचा धक्का इवलासा. त्यातला सगळ्यात गाजलेला एफटीओ नावाच्या जीनमधला, २००७ साली सापडला. त्याचा धोक्याचा प्रकार आई आणि बाबा दोघांकडूनही आला, तर मोठेपणी वजन सरासरी ३ किलोनं जास्त. तीन! पंचवीस नाही. घराण्याच्या नावानं आपण जेवढं खपवतो, त्यातला हा सगळ्यात बडा आरोपी.

आता तो ७७चा आकडा. ब्रिटनमध्ये ८ ते ११ वर्षांच्या जुळ्यांच्या ५ हजारांहून जास्त जोड्या तपासल्या, २००८ची गोष्ट. एकसारखी जुळी (सगळे जीन्स तेच) आणि वेगवेगळी जुळी (साधारण निम्मेच सारखे) यांची तुलना केली आणि त्यातून हा टक्का काढला. बरोबर आहे तो. फक्त तो तुमच्या बंटीचा नाही.

(पोळी कॅमेऱ्यासमोर धरून) ही सकाळची पोळी. मला सांगा, या एका पोळीत कणकेचा वाटा किती टक्के आणि तव्याचा किती? कणीक ७७, तवा २३? बरं, तवा काढून घ्या. २३ टक्के कमी पोळी मिळेल का? नाही, गोळा मिळेल. एका पोळीपुरता हा प्रश्नच चुकीचा आहे. आता दहा घरांतून दहा प्रकारची कणीक आणा आणि एकाच तव्यावर भाजा. त्या दहा पोळ्यांमधला फरक कशामुळे? कणकेमुळे. उलट करा, एकच कणीक आणि दहा तवे. आता फरक तव्यांचा. म्हणजे टक्का असतो फरकाचा, आणि तो दहा पोळ्यांचा मिळून असतो.

पटलं नाही? दुसरीकडून येऊ. समजा, उद्यापासून आमच्या सोसायटीनं ठराव केला. (होणार नाही, पार्किंगचा ठराव तीन वर्षं अडकलाय.) सगळ्या मुलांना एकच डबा, एकच मैदान, झोपायची वेळही एकच. वर्षभरानं बरीच मुलं सडपातळ झालेली असतील. तरी थोडा फरक राहीलच, कुणी जरा भरलेलं, कुणी काटकुळं. तो उरलेला फरक बहुतेक जीन्सचा. म्हणजे वजनं उतरली आणि जीन्सचा टक्का चढला! टक्का मोठा म्हणून डबा बदलून उपयोग नाही, असं म्हणणाऱ्यांनी हा भाग पुन्हा ऐका. मी थांबते.

आणि तिसरी बाजू, खास पुणेकरांसाठी. मी शाळेत असताना हे सायकलींचं शहर होतं. आमच्या वर्गात लठ्ठ म्हणावं असं एखादं मूल असायचं. आज शाळा सुटताना फाटकाबाहेर उभ्या राहा आणि बघा. आपण तीच माणसं, त्याच घराण्यातली. तीस-चाळीस वर्षांत अख्ख्या शहराचे जीन्स बदलत नाहीत. कणीक तीच आहे, तवा बदलला.

आता कुणी म्हणेल, ताई जीन्सना किंमतच देत नाहीत. देते ना! फक्त ते कुठे काम करतात ते बघा. लोकांना वाटतं, ‘आमचं मेटॅबॉलिझमच स्लो’. स्कॉटलंडमध्ये ४ ते १० वर्षांच्या मुलांना जेवण देऊन मोजलं. एफटीओचा धोक्याचा प्रकार असलेल्या मुलांचं शरीर काही कमी ऊर्जा जाळत नव्हतं. ती जास्त उष्मांकाचं खात होती. वजनाच्या जीन्सचं बरंचसं काम मेंदूत चालतं. भूक किती लागते, पोट भरल्याचा निरोप कधी पोचतो, समोर ताट दिसलं की हात जातो का.

आमच्याच घरातलं सांगते. रविवारी आई साबुदाणा वडे करायची. धाकटा भाऊ दोन खाऊन तिसरा अर्धा टाकायचा आणि चेंडू घेऊन पसार. मी चार खाल्लेले असायचे आणि माझं लक्ष त्याच्या त्या अर्ध्या वड्यावर. कडेनं कुरकुरीत, मधे दाताची खूण. तो शहाणा, मी हावरट. घर एक, आई एक, कढई एक. इंग्लंड-वेल्समधल्या जुळ्या बाळांच्या अभ्यासात हेच दिसलं. दोघांपैकी जे बाळ खाणं दिसलं की जास्त झेपावायचं, ते १५ महिन्यांचं होईपर्यंत दुसऱ्यापेक्षा साधारण एक किलोनं जड. त्या वयात कसला आलाय हावरटपणा? तेव्हा एका मुलाला ‘बघ, दादा कसा थोडंच खातो’ म्हणणं कृपा करून बंद करा. दादाला भूकच कमी लागते, त्यात त्याचं काय कौतुक? ज्याला जास्त लागते, त्याच्यासाठी वेफर्सचं पाकीट घरात न आणणं जास्त उपयोगी. आणि मोठ्यांसाठीही नाही आणायचं.

काका, आता तुमचं हाड. माणसाचा सगळा सांगाडा मिळून वजनाच्या साधारण १५ टक्के भरतो. हाड मोठं असून असून किती मोठं असेल?

‘जीन्स बघायला लाळेची टेस्ट करू का, ऑफर चालू आहे’ असं बऱ्याच जणांनी विचारलंय. मी केली होती, कंपनीचं नाव घेत नाही. बावीस पानी रंगीत रिपोर्ट आला. त्यात लिहिलं होतं, ‘तुम्हाला गोड आवडण्याची शक्यता आहे.’ मी तेव्हा श्रीखंड खात होते. साध्या लठ्ठपणात अशा टेस्टनं उपाय बदलत नाही. पैसे वाचवा, सायकल घ्या.

पण काही मुलांमध्ये खरंच एकच जीन बिघडलेला असतो, आणि हे गमतीत घेऊ नका. १९९७ साली केंब्रिजच्या डॉक्टरांनी जवळच्या नात्यातल्या दोन मुलांची नोंद केली. मुलगी ८ वर्षांची, वजन ८६ किलो. मुलगा २ वर्षांचा, २९ किलो. भूक भागतच नव्हती. चरबीकडून मेंदूला ‘साठा आहे’ हा निरोप नेणारं लेप्टिन त्यांच्या अंगात जवळपास बनतच नव्हतं. पुढे मुलीला लेप्टिनची इंजेक्शनं सुरू केली आणि भूक आटोक्यात आली, वजन उतरायला लागलं. म्हणून पाच वर्षांच्या आतच वजन भरमसाट वाढलं असेल, मूल रात्री उठून खाणं शोधत असेल, किंवा वजन वाढतंय पण उंची मागे पडलीय, बोलणं-चालणं उशिरा आलंय, तर थेट बालरोगतज्ज्ञांकडे जा. आईबाबा नात्यातले असतील, मामाची मुलगी केलेली असेल, तर तेही न लाजता सांगा. दोघांकडून तोच बिघडलेला जीन येण्याची शक्यता तिथे जास्त असते.

आणि एक आपल्या गावची गोष्ट, हिच्यावर वेगळा व्हिडिओ करणारच आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास करतायत. ही बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं सगळ्याच बाबतीत लहान, फक्त कातडीखालची चरबी त्या मानानं टिकून. वरून बारीक, आतून चरबी. याला सगळं घराणंच कारण असं नाही. पोटात असताना आईला काय मिळालं, काय नाही, त्याचाही हात असतो. त्यामुळे अडीच किलोचं बाळ झालं की डबे भरभरून ‘बाळसं आणायला’ धावणाऱ्या आज्यांनो, जरा सबुरीनं.

आपल्याकडच्या मुलांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे २०१५चे तक्ते आहेत, ५ ते १८ वर्षांचे. मुलांच्या बीएमआयला, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती त्या आकड्याला, मोठ्यांचं माप लावायचं नसतं, वयाप्रमाणे तक्त्यातली रेघ बघायची असते. ती कशी बघायची, ते पुढच्या रविवारी. येताना मुलाच्या मागच्या तीन वर्षांच्या उंची-वजनाच्या नोंदी शोधून आणा. शाळेच्या आरोग्य कार्डावर असतील. नसतील, तर उंचीपुरत्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं मारलेल्या खुणाही चालतील. फक्त तोवर घराला रंग काढू नका.