यंत्र अंतर सांगतं, जागा सांगत नाही

माझ्या चिमटीत आत्ता काय आहे, ते मागच्या रांगेतल्यांना दिसणार नाही. पुढच्या रांगेलाही बहुधा दिसणार नाही. हा काचेचा तंतू आहे. त्याच्यावरचं रंगीत आवरण मी मघाशी काढून टाकलं. उरली आहे ती १२५ मायक्रॉन जाडीची काच, साधारण एखाद्या राठ केसाएवढी. प्रकाश या सगळ्या जाडीतून जातही नाही. मधोमध ९ मायक्रॉनचा गाभा आहे, त्यातून तो जातो. दोन तुकड्यांचे हे गाभे समोरासमोर आणून जोडायचे, हे काम मी तीस वर्षं केलं. आज तुम्ही मला ब्रॉडबँडच्या भविष्यावर बोलायला बोलावलंत. मला त्या भविष्याबद्दल जे समजलं ते खड्ड्यात बसून समजलं, म्हणून तिथूनच बोलेन.

आधी काचेचं ऋण मानू. १९६६ साली इंग्लंडमधल्या हार्लो इथल्या प्रयोगशाळेत चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी एक निबंध लिहिला. त्या काळच्या चांगल्या काचेत प्रकाश २० मीटर गेला की शंभरातला एक भाग उरायचा. तेव्हा काचेतून टेलिफोन चालवायचा विचार कुणी गंभीरपणे घेत नव्हतं. काओंचं म्हणणं असं, की हा दोष काचेचा नाही, तिच्यात राहिलेल्या लोखंडासारख्या अशुद्धीचा आहे. ती काढा आणि एका किलोमीटरनंतर शंभरातला एक भाग उरेल इतकं साधा, मग काम होईल. चार वर्षांनी, १९७० मध्ये, अमेरिकेत कॉर्निंगच्या मॉरर, केक आणि शुल्झ या तिघांनी ती मर्यादा ओलांडली. काओंना नोबेल मिळालं ते २००९ साली.

आजची काच किती स्वच्छ आहे? शनिवारवाड्यापासून सिंहगड सरळ रेषेत सुमारे २० किलोमीटर आहे. एवढ्या लांबीच्या तंतूत इकडून प्रकाश सोडला तर पलीकडे शंभरातले चाळीस भाग पोचतात. वीस किलोमीटर काच, आणि तिच्या पल्याड चाळीस टक्के उजेड! मला हे आजही नवल वाटतं. शनिवारवाड्याचं नाव मी उगीच घेतलं नाही. आपल्या देशात टेलिफोन एक्सचेंजांना जोडणारी पहिली ऑप्टिकल फायबर यंत्रणा १९७९ साली पुण्यातच सुरू झाली. आणि आज वाळूजला काचेच्या जाड दांड्याला २,००० अंशांच्या आसपास तापवून उंच मनोऱ्यातून हाच तंतू ओढला जातो. ही विद्या परक्याची राहिलेली नाही.

आता वेगाचं पाहा. २००४ च्या धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट म्हणजे ब्रॉडबँड होतं. २०२३ पासून व्याख्येनुसार किमान २ मेगाबिट लागतात. घरोघरी फायबर देताना एक तंतू स्प्लिटर लावून ३२ किंवा ६४ घरांत वाटतात. जीपॉन नावाच्या पद्धतीत त्या सगळ्यांना मिळून सेकंदाला अडीच गिगाबिट उतरतात. पुढची पद्धत १० गिगाबिटची, त्यापुढची ५० ची. यात महत्त्वाची गोष्ट ही, की या तिन्हींसाठी जमिनीतला तंतू तोच राहतो. दोन टोकांचे डबे बदलायचे. तांब्याच्या तारेत हे होत नव्हतं, तिची कुवत अंतराबरोबर ढासळायची. म्हणजे वेगाचा प्रश्न काचेने आपल्या बाजूने सोडवून ठेवला आहे. राहिला तो मातीचा.

एका पावसाळ्यातली गोष्ट सांगतो. जुलै महिना, घाटाच्या पायथ्याशी रस्त्याकडेच्या गटाराचं काम चाललेलं. जेसीबीच्या दातात आमची २४ तंतूंची केबल आली आणि तुटली. चालक घाबरला, त्याने वर माती लोटली आणि निघून गेला. तालुक्याची बँक बंद, फोन बंद, पोलीस ठाण्याची लाइन बंद. आम्ही एक्सचेंजमध्ये ओटीडीआर लावला. हे यंत्र तंतूत प्रकाशाची ठिणगी सोडतं आणि परत येणारा अंधुक उजेड मोजतं. काचेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. ठिणगी जाऊन यायला एक मायक्रोसेकंद लागला तर दोष १०० मीटरवर. त्या रात्री यंत्राने सांगितलं, ११.४ किलोमीटर.

जीपने ११.४ किलोमीटर मोजले आणि खणलं. काही नाही. आणखी पुढे खणलं, मग मागे खणलं. का सापडेना? कारण केबलमधला तंतू केबलपेक्षा थोडा लांब असतो, ताण येऊ नये म्हणून. प्रत्येक जॉइंटपाशी दहा-वीस मीटरची वेटोळी ठेवलेली असतात. शिवाय केबल टाकल्यानंतर रस्त्याने वळण बदललं होतं. यंत्र अंतर सांगतं, जागा सांगत नाही. जागा सांगणारा नकाशा कार्यालयात असायला हवा होता. तो नव्हता.

शेवटी एका निवृत्त लाइनमनला त्याच्या गावाहून स्कूटरच्या मागे बसवून आणलं. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. त्यांच्याकडे एक वही होती. ‘मोरीच्या डाव्या अंगाने, वडापासून २२ पावलं, पुढे कातळ, केबल वर आली आहे.’ असं पानामागून पान. नाना मोरीपासून पावलं मोजत गेले, थांबले आणि म्हणाले, “इथं हाण.” दीड हातावर केबल मिळाली.

दीड हातावर! नियम १६५ सेंटिमीटरचा, म्हणजे जवळजवळ साडेपाच फूट. पण आपला सह्याद्री म्हणजे काळा पत्थर. साडेपाच फूट कातळ फोडायला वेळ लागतो, पैसा लागतो आणि ठेकेदाराला पैसे मिळतात ते मीटरवर. जिथे खोल जाता येत नाही तिथे लोखंडी पाइप आणि काँक्रीट घालायचं असतं. तिथे नुसती माती लोटलेली होती. मग ताडपत्रीखाली, बॅटरीच्या उजेडात २४ जोड. तंतू सोलायचा, अल्कोहोलने पुसायचा, काटकोनात तोडायचा, मशीनमध्ये समोरासमोर ठेवून विजेच्या ठिणगीने वितळवून एक करायचा. चांगला जोड असला तर प्रकाशाची गळती मशीनही पुटपुटावं इतकीच दाखवतं: ०.०२, ०.०३ डेसिबल. रंगांचा क्रम आम्हाला पाढ्यासारखा पाठ असतो. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा. एक चुकला की दोन गावांचे फोन एकमेकांत जातात. पहाटे साडेपाचला बँकेची लाइन आली.

त्या रात्री २४ जोडांना जेवढा वेळ लागला, त्याच्या दुप्पट वेळ जागा शोधण्यात गेला होता.

आता भारतनेट. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्राने ही योजना मंजूर केली, तेव्हा नाव वेगळं होतं. अडीच लाख ग्रामपंचायती फायबरने जोडायच्या होत्या. पहिल्या टप्प्यातल्या एक लाख ग्रामपंचायती डिसेंबर २०१७ पर्यंत जोडून झाल्या. काम लहान नव्हतं, आणि ज्यांनी उन्हातान्हात ते केलं त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण अनेक पंचायतींत जाऊन पाहा, कपाटातल्या डब्यावर दिवा नाही. कुठे बॅटरी मेली, कुठे वीज नाही, आणि बहुतेक ठिकाणी वाटेत केबल तुटलेली. पहिल्या टप्प्यात तालुक्यापासून गावापर्यंत बरीचशी आधीचीच जुनी केबल वापरली आणि शेवटचा तुकडा नवा जोडला. रचना झाडाच्या फांदीसारखी. बुंध्याशी घाव बसला की पुढची सगळी गावं सुकली.

४ ऑगस्ट २०२३ ला सुधारित कार्यक्रम मंजूर झाला, १,३९,५७९ कोटी रुपयांचा. त्यातला मला सगळ्यात पटलेला बदल म्हणजे फांदीच्या जागी कडं. तालुक्यातून निघालेली वाट गावागावांतून फिरून परत तालुक्याला येते. एका बाजूने तुटली तर दुसऱ्या बाजूने चालू राहते. आणि दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद आधीच करून ठेवली आहे. हा शहाणपणा पहिल्या दिवशी असता तर बरं झालं असतं, पण आला हे महत्त्वाचं. कडं मात्र एकदा तुटलं की पुन्हा फांदीच होतं. एका बाजूने तुटलेली केबल दोन दिवसांत जोडली नाही आणि दुसऱ्या बाजूनेही तुटली, तर गाव अंधारात जातं. म्हणून कड्यालाही नानांची वही लागतेच.

समुद्रातही हेच. मुंबईत वर्सोव्याला परदेशातल्या केबल किनाऱ्याला लागतात. २००८ च्या जानेवारीत अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटल्या, तेव्हा आपलं इंटरनेट रांगू लागलं. सप्टेंबर २०२५ मध्ये लाल समुद्रात जेद्दाजवळ पुन्हा तसंच झालं. फरक एवढाच, की समुद्रतळावरच्या केबलचा नेमका मार्ग नोंदलेला असतो. दुरुस्तीचं जहाज अंदाजाने गळ टाकत बसत नाही.

मला नेहमी विचारतात, उपग्रहाचं इंटरनेट आल्यावर हे खोदकाम कशाला? सुमारे ५५० किलोमीटरवरून फिरणारे उपग्रह मेळघाटातल्या किंवा भामरागडच्या एखाद्या पाड्याला फार उपयोगी पडतील. तिथे ते लवकर पोचावेत असं मला मनापासून वाटतं. पण एका उपग्रहाची कुवत त्याच्या टापूतल्या सगळ्यांना वाटून जाते. दाट वस्तीच्या गावात पन्नास मुलं एकदम वर्गाला बसली की वाटणी लहान होते. आणि ५जीचा मनोरा? त्याच्या पायाशीही फायबर नसेल तर वरची हवा मोकळी असून उपयोग नाही.

मला माणसांची काळजी जास्त वाटते. जॉइंट करणारी मुलं आज कंत्राटावर आहेत, तालुक्या-तालुक्यांत फिरतात, आणि वर्षभरात दुसऱ्या कामाला लागतात. दहावी-बारावी झालेल्या मुला-मुलीला हे काम काही आठवड्यांत शिकवता येतं. हात स्थिर हवा, रंग ओळखता यायला हवेत, उरलेलं सरावाने येतं. प्रत्येक कड्यामागे त्याच कड्यावर राहणारी दोन माणसं पगारावर असावीत, असं माझं ठाम म्हणणं आहे. गावच्या पाण्याच्या टाकीला माणूस ठेवतो, तसा. खणण्याआधी कळवण्यासाठी केंद्राने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं ॲप काढलं, ते चांगलंच झालं. पण ॲपवर कळवलं तरी केबल कुठे आहे हे कुणाला तरी ठाऊक हवं ना!

नाना गेले. जायच्या आधी त्यांनी वही माझ्या हवाली केली. त्यातले वड आता काही ठिकाणी तोडले गेलेत, मोरी रुंद झाली, मैलाचे दोन दगड रस्त्याखाली गेले. ग्रामपंचायतीची परवानगी घेऊन आम्ही तिघांनी ती वाट पुन्हा चालायला घेतली आहे. प्रत्येक खूण फोनवर नोंदवतो, खोली लिहितो, फोटो काढतो, आणि प्रत कार्यालयात देतो. अजून सहा किलोमीटर राहिलेत. येत्या रविवारी सकाळी ७ वाजता जुन्या मोरीपासून निघू. ज्यांना यायचंय त्यांनी टोपी आणि पाण्याची बाटली बरोबर घ्या. काटेरी झुडपं बरीच आहेत, तेव्हा बूट घालून या.