दशपर्णीचं पिंप आणि सहा उंदीर

(सांगलीत द्राक्ष बागायतदार आणि औषधनिर्माणशास्त्राचे विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आयोजकांनी दिलेला विषय आहे ‘वनस्पती अर्कांची तीव्र विषाक्तता चाचणी’. नाव भारदस्त आहे, अर्थ साधा: एकदाच दिलेली मात्रा किती विषारी ठरते ते तपासायचं. पण समोर निम्मे तासगाव-पलूसकडचे बागायतदार बसलेत, तेव्हा मी थेट दशपर्णीच्या, म्हणजे किडीसाठी दहा झाडांचा पाला कुजवून घरी केलेल्या अर्काच्या पिंपापाशीच येतो.

कडुनिंब, करंज, सीताफळ, एरंड, निर्गुडी, टणटणी, रुई, पपई. कुणी त्यात कण्हेर घालतं, कुणी धोत्रा. यादी गावागणिक बदलते. महिनाभर कुजवायचं, गाळायचं, फवारायचं. विषारी आहे का विचारलं तर उत्तर ठरलेलं: “छे हो, झाडपाल्याचं आहे.” अहो, कण्हेरीचं पान वाळलं तरी त्यातलं हृदयावर चालणारं विष तसंच राहतं. बांधावरची छाटणी गोठ्यात पडली की जनावर दगावतं. टणटणीनं गुरांचं यकृत जातं. झाडपाला म्हणजे निरुपद्रवी, हे कुणी ठरवलं?

ठरवायची रीत आहे. १९२७ साली ट्रेव्हन या ब्रिटिश शास्त्रज्ञानं एलडी-५० ही कल्पना मांडली: ज्या मात्रेत निम्मे प्राणी मरतात ती मात्रा, प्राण्याच्या दर किलो वजनामागे मिलिग्रॅममध्ये. कीटकनाशकाच्या डब्यावरचा त्रिकोण तुम्ही रोज बघता, तो याच आकड्यावरून ठरतो. तोंडावाटे ५० पर्यंत लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५००० पर्यंत निळा, त्यापुढे हिरवा.

पूर्वी या एका आकड्यासाठी चाळीस-पन्नास प्राणी जायचे. ती जुनी पद्धत ओईसीडीनं, म्हणजे अशा चाचण्यांचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं, २००२ मध्ये रद्द केली, आणि माझ्या मते फार उशिरा केली. आता बहुतेक ठिकाणी तिचीच ४२३ क्रमांकाची पद्धत वापरतात. किलोमागे ५, ५०, ३०० आणि २००० मिलिग्रॅम अशा ठरलेल्या पायऱ्या असतात. एका पायरीला तीन उंदीर, बहुधा माद्या. त्यांना रात्रभर उपाशी ठेवायचं आणि नळीनं अर्क थेट पोटात द्यायचा. दोन किंवा तिन्ही मेले तर खालची पायरी. एकही मेला नाही, किंवा एकच मेला, तर त्याच मात्रेवर आणखी तीन. अर्क सौम्य असेल असं मानायला आधार असला, तर सरळ २००० वरच सहा उंदरांत तपासायची मुभा आहे. दोनशे ग्रॅमच्या उंदराला ते होतात चारशे मिलिग्रॅम.

विद्यार्थ्यांनो, खरं काम त्यानंतर सुरू होतं. पहिला अर्धा तास नजर हलवायची नाही, पहिले चार तास तर विशेष लक्ष, आणि पुढे चौदा दिवस रोज बघायचं. केस ताठ झालेत का, लाळ गळते का, थरथर आहे का, वजन घटतंय का. शेवटी शवविच्छेदन. आणि हे सगळं संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीच्या मंजुरीनंतरच. ‘मेला नाही’ एवढीच नोंद करणाऱ्याचा अहवाल मी तरी वाचत नाही.

समजा, सहाच्या सहा जगले. लगेच बाटलीवर छापून येतं: ‘संपूर्ण सुरक्षित’. इथे माझं भांडण आहे. तो आकडा त्या एका अर्काचा असतो, झाडाचा नव्हे. एरंडाचंच बघा. बीमधलं रायसिन हे प्रथिन पाण्यात विरघळतं, तेलात उतरत नाही. म्हणून एरंडेल आजी पोरांना पाजायची, आणि पेंड मात्र जनावराच्या जिवावर उठते. बी एकच. मग प्रयोगशाळेत अल्कोहोलमध्ये काढलेल्या निंबाच्या अर्काचा दाखला तुमच्या महिनाभर कुजलेल्या, दहा पानांच्या पिंपाला कसा लागू होईल?

दुसरं, उंदीर म्हणजे माणूस नव्हे. धोत्र्यातल्या ॲट्रोपिनची उंदरातली मारक मात्रा किलोमागे पाचशेच्या घरात आहे. माणसाला? सगळ्या देहाला मिळून दहा मिलिग्रॅम गेले तरी भ्रम होतो. आणि उंदराला उलटी होतच नाही, त्यामुळे ते लक्षण तुम्हाला तिथे कधीच दिसणार नाही.

तिसरं बागेत काम करणाऱ्यांसाठी. तुम्ही अर्क पीत नाही. तो येतो कातडीवाटे आणि श्वासावाटे, आणि त्या चाचण्या वेगळ्या असतात. अग्निअस्त्र या घरगुती फवाऱ्यात तंबाखू घालता ना? निकोटिन ओल्या कातडीतून आत जातं. ओल्या तंबाखूची पानं खुडणाऱ्या मजुरांना मळमळ आणि चक्कर येते ती त्यानंच. आणि तीव्र चाचणी एकाच मात्रेचं बोलते. हंगामभर थोडं-थोडं अंगावर येतं त्याचं काय, हे २८ किंवा ९० दिवसांच्या चाचणीला विचारावं लागतं.

टॉनिक, संजीवक म्हणून जे विकलं जातं, त्यातले वनस्पती अर्क २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाखाली जैव-उत्तेजक म्हणून आलेत. तोंडावाटे, कातडीवाटे, श्वासावाटे, शिवाय डोळ्यांची आणि त्वचेची जळजळ, एवढी माहिती उत्पादकानं द्यायची असते. दुकानदाराकडे मागा. तो चिडला तर चिडू दे.

मघाशी एका दादांनी चिठ्ठी पाठवली, “मग दशपर्णी बंद करू का?” मी तसं म्हणणार नाही. कण्हेर आणि धोत्रा मात्र आजच यादीतून काढा. ढवळताना कोपरापर्यंत हातमोजे घाला, पिंपाला झाकण ठेवा. शेजाऱ्याला द्यायचा म्हणून अर्क शीतपेयाच्या बाटलीत भरू नका. आणि पिंपात काय-काय टाकलं ते झाकणावर खडूनं नव्हे, ऑइल पेंटनं लिहा. कुणाच्या पोटात गेलंच, तर दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टर पहिली तीच यादी विचारतील. कण्हेरीचा उपचार वेगळा, धोत्र्याचा वेगळा.