एक नाव, दोन चिमणाबाई
(बडोद्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. एकाच नावाची माणसं ग्रंथालय वेगळी कशी ओळखतं, हा आजचा विषय. रावपुऱ्यातला चिमणाबाई टॉवर तुम्ही जन्मापासून पाहताय. कोण या चिमणाबाई? ‘महाराणी!’ बरोबर. पण कोणत्या?

सयाजीराव महाराजांच्या पहिल्या पत्नी तंजावरच्या लक्ष्मीबाई. सासरी त्यांचं नाव चिमणाबाई ठेवलं. १८८५ मध्ये त्या वारल्या. १८९६ चा टॉवर त्यांच्या स्मरणार्थ. त्याच १८८५ च्या अखेरीस महाराजांचं दुसरं लग्न झालं, देवासच्या गजराबाईंशी, आणि त्याही चिमणाबाईच झाल्या. भारतीय स्त्रियांच्या स्थितीवर १९११ साली एस. एम. मित्र यांच्यासह इंग्रजीत पुस्तक लिहिलं ते या दुसऱ्या महाराणींनी. १९२७ साली पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या त्याही याच. आता कॅटलॉगमध्ये नुसतं ‘चिमणाबाई, महाराणी’ लिहिलं, तर पुस्तक निघण्याच्या सव्वीस वर्षं आधी वारलेल्या बाईंच्या नावावर ते चढतं. नावापुढे ‘द्वितीय’ लिहायला कितीशी शाई लागते? पण त्यासाठी लिहिणाऱ्याला दोघी माहीत असाव्या लागतात.

माझं म्हणणं एवढंच आहे: माणसाचं पूर्ण नाव लिहा. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी तिहेरी सोय पिढ्यान्‌पिढ्या आहे. ती आपण दोन आद्याक्षरांत कापून टाकली.

याचा परिणाम मी डोळ्यांनी पाहिला. ग्रंथालयाचं नाव सांगत नाही. तिथल्या जुन्या कार्डांवर सुंदर अक्षरात लेखकाचं पूर्ण नाव असे, जन्मसाल असे, कुठे पेन्सिलीनं ‘हे वैद्य, ते शिक्षक नव्हेत’ अशी टीपही असे. संगणक आला तेव्हा नोंदी भरण्याचं काम बाहेर दिलं, दर नोंदीमागे पैसे ठरवून. भरणाऱ्या मुलांनी आडनाव आणि दोन अक्षरं टिपली, पुढचं कार्ड घेतलं. त्यांना मी दोष देत नाही. बाकीचं भरा असं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मग कार्डं रद्दीत गेली. रद्दीत! ज्या माहितीसाठी कुणीतरी पत्रं लिहून लेखकांच्या घरी चौकशी केली होती, ती किलोच्या भावानं गेली.

पुढे एक मुलगी आली. आजोबा कीर्तनकार, त्यांची आख्यानं छापलेली होती, ती तिला हवी होती. पडद्यावर त्या आडनावाखाली, त्याच दोन अक्षरांखाली, आयुर्वेद, शालेय बीजगणित, आख्यानं, सगळं एकाच माणसाचं! आम्ही पुस्तकं टेबलावर मांडली. मुखपृष्ठ काही सांगेना. प्रस्तावनेखाली मात्र लिहिलेलं सापडलं: ‘अक्षय्य तृतीया, शके १८५०, दांडिया बाजार’. ती म्हणाली, आजोबांचं घर तिथेच होतं. मग अर्पणपत्रिकेत गुरूंचं नाव मिळालं, तेही जुळलं. आख्यानं वेगळी काढली. बीजगणित कुणाचं, ते अजून ठरलेलं नाही. प्रस्तावनेखालची तिथी-गाव हल्लीचे लेखक लिहीत नाहीत, हेही मला खटकतं. लिहा हो! आम्हाला त्याचा फार आधार असतो.

आणखी एक, बडोद्याचंच. विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता. तिथलं ग्रंथालय त्यांच्याच नावाचं आहे. माहेरच्या हंसा मनुभाई मेहता, दिवाणसाहेबांच्या कन्या. लग्नानंतर हंसा जीवराज मेहता. आडनाव तेच, घराणी वेगळी, जातीही वेगळ्या. बदललं फक्त मधलं नाव. ते गाळलंत तर या बाईंच्या आयुष्यातली केवढी मोठी गोष्ट नोंदीतून गळते! मालतीबाई बेडेकरांचं उलट आहे. माहेरच्या बाळूताई खरे, पुस्तकावर विभावरी शिरूरकर. तिथे तीन नावं एका बाईंशी जोडावी लागतात.

संयोजकांची चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. मुख्य भाग राहिलाच, तो भरभर सांगतो.

कॅटलॉगर प्रत्येक लेखकाची एक अधिकृत नोंद करतो. त्यात एक नाव मुख्य, बाकीची सगळी रूपं तिकडे वळवलेली. दुसरा कुणी त्याच नावाचा निघाला की आधी जन्म-मृत्यूची सालं जोडायची. ती नसतील तर आद्याक्षरं फोडून पूर्ण नाव, तेही नसेल तर व्यवसाय किंवा पदवी. काहीच मिळालं नाही तर पूर्वी अशा सगळ्यांना एका सामाईक नोंदीत ठेवत आणि माहिती मिळेल तसं एकेकाला बाहेर काढत. आता नावाऐवजी आकडा देण्याची सोयही आहे. लेखक-कलावंतांसाठी ‘इस्नी’ हा सोळा अंकी क्रमांक आणि २०१२ पासून संशोधकांसाठी ‘ऑर्किड’, तोही सोळा अंकी. देशोदेशीच्या ग्रंथालयांच्या नोंदी एकमेकींशी जोडणारी ‘व्हीआयएएफ’ नावाची सूची आहे. पण आकडा द्यायच्या आधी माणसं दोन आहेत की एक, हे कुणीतरी वाचूनच ठरवावं लागतं. संत नामदेवांच्या गाथ्यांत सोळाव्या शतकातल्या विष्णुदास नाम्याचे अभंग मिसळले. दोघांची नाममुद्रा, म्हणजे अभंगात गुंफलेलं कवीचं नाव, ‘नामा’. ते वेगळे करायला अभ्यासकांना भाषा तपासावी लागली, संदर्भ तपासावे लागले. तिथे यंत्र काय करणार?

शेवटची विनंती. १९१० साली महाराजांनी अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डनसाहेबांना बोलावून या संस्थानात ग्रंथालयांची घडी बसवली. त्या गावात आपण एवढं तरी करू. दाराशी कोरे कागद ठेवलेत. तुमच्या घरात कुणीही काही छापलं असेल, स्मरणिका, आरतीसंग्रह, पाककृती, तर त्यांचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, बाईंचं असेल तर माहेरचं नावही, आणि जन्मसाल लिहून द्या. साल नक्की ठाऊक नसेल तर कागद घरी न्या, वडीलधाऱ्यांना विचारा आणि पुढच्या रविवारी आणा. मी इथेच बसलेला असेन.