पाठीवरची सोनेरी अक्षरं

(दृश्य: ग्रंथालयातलं लोखंडी कपाट. कॅमेरा प्रबंधांच्या पाठींवरून सावकाश सरकतो.)

काळं रेक्झिन आणि त्यावर सोनेरी अक्षरं. पीएच.डी.चा प्रबंध कुठल्याही विषयाचा असो, दिसतो असाच. भूशास्त्राच्या प्रबंधाला लागून लोकसाहित्याचा, त्याला टेकून गणिताचा. परत ठेवणाऱ्यानं विषय बघितलेला दिसत नाही. आमच्या दृष्टीनं ते बरंच झालं.

नांदेडजवळ विष्णुपुरीला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, हे कपाट तिथलं. १७ सप्टेंबर १९९४ ला, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, औरंगाबादच्या विद्यापीठातून ते वेगळं निघालं. वाट्याला तीन जिल्हे आले: नांदेड, परभणी, लातूर. १९९९ मध्ये परभणीतून हिंगोली वेगळा झाला आणि तिनाचे चार झाले. जमीन तेवढीच राहिली. पुण्या-मुंबईच्या मानानं हे घर लहानच.

इथं संशोधनाचा विषय कसा ठरतो? मार्गदर्शक ठरवतात, समिती ठरवते, हे कागदावर झालं. बऱ्याचदा तो एसटीचं वेळापत्रक ठरवतं. संशोधक कुठल्यातरी तालुक्याच्या कॉलेजात शिकवत असतो, बहुतेक वेळा तासिका तत्त्वावर. हाताशी रविवार आणि उन्हाळ्याची सुट्टी. सकाळच्या गाडीनं जाऊन संध्याकाळी परत येता येईल, तेवढंच त्याचं क्षेत्र.

(दृश्य: रस्त्याकडेचा हातपंप. प्लॅस्टिकची बाटली भरून घेणारे हात. बाटलीवर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर नंबर.)

तर ही गाडी देगलूर-बिलोलीकडे निघाली असं समजा. मराठवाडा म्हटलं की काळा खडक आणि काळी माती, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं. पण नांदेड जिल्ह्याच्या या टोकाला तो काळा बेसॉल्ट संपतो आणि खालचा जुना ग्रॅनाइट वर येतो. ग्रॅनाइटमधल्या काही खनिजांत फ्लोराइड असतं. पाणी खडकाच्या भेगांत जितकं मुरून राहील, तितकं ते पाण्यात उतरतं. म्हणून अशा भागात आडाच्या पाण्यापेक्षा खोल बोअरचं पाणी जास्त संशयाचं. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे दीड मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं. त्याच्या वरचं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की लेकरांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात, पुढं हाडं धरतात.

भूजलाच्या अभ्यासाची सुरुवात या बाटलीपासून होते. नंबर, गाव, तारीख, पाणी हातपंपाचं की विहिरीचं. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा. फार थोर दिसणारं काम नाही हे. पण कुणीतरी गावोगाव बाटल्या घेऊन फिरल्याशिवाय तक्त्यातला एक आकडासुद्धा भरत नाही.

(दृश्य: प्रयोगशाळा. काचेचं चंचुपात्र, आत तिरकी उभी केलेली काचपट्टी.)

भौतिकशास्त्रात ठरवणारी गोष्ट वेगळी. तिथं यंत्राची किंमत विषय ठरवते. पातळ फिल्म, म्हणजे काचेवर चढवलेला केसापेक्षा कितीतरी बारीक थर, सौरघटापासून वायू ओळखणाऱ्या सेन्सरपर्यंत लागतो. तो निर्वातात चढवणारी यंत्रं लाखांच्या, कधी कोटींच्या घरात. मग काय करायचं? आपल्याकडच्या अनेक छोट्या प्रयोगशाळांनी धरली ती रासायनिक न्हाणाची वाट: चंचुपात्र, गरम पाणी, काचपट्टी.

नीट बघा. कॅडमियमचा क्षार, अमोनिया, थायोयुरिया. द्रावण पाण्यासारखं स्वच्छ. साठ-सत्तर अंशांवर थोडा वेळ काहीच होत नाही. मग पिवळसर झाक येते, आणि बघता बघता सगळं पात्र हळदीच्या पाण्यासारखं. काचपट्टी बाहेर काढून धुतली की तिच्यावर लिंबाच्या सालीच्या रंगाचा थर बसलेला असतो. कॅडमियम सल्फाइड. कॅडमियम विषारी, त्यामुळं हातमोजे हवेतच आणि उरलेलं पाणी मोरीत ओतायचं नाही. थर कसा जमलाय हे तपासणारं यंत्र जवळ नसलं, तर पट्ट्या कापसात गुंडाळून दुसऱ्या गावी जातात आणि निकालाची वाट बघणं सुरू होतं. प्रबंधात हे महिने कुठं दिसत नाहीत.

गणिताला तर तेवढंही लागत नाही. अहमदपूरसारख्या तालुक्याच्या गावातून प्रा. बी. सी. ढगे यांनी स्थिरबिंदू सिद्धांतावर, म्हणजे क्रिया केल्यावरही जागचा न हलणारा बिंदू शोधण्याच्या गणितावर, काम केलं आणि त्यातली एक रीत 'ढगे इटरेशन मेथड' या नावानं शोधनिबंधांत वापरली जाते. कागद, पेन आणि डोकं.

(दृश्य: जुनी दप्तरं. उर्दू हस्ताक्षर, कडा कुरतडलेल्या.)

इतिहासवाल्यांची अडचण अक्षरापासून सुरू होते. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा, कारभाराची भाषा उर्दू. ज्या कागदांत गावाचा इतिहास आहे, ते गावातल्या आजच्या पदवीधराला वाचता येत नाहीत. वाचून घेतले तरी तारीख अडते, कारण सन फसली, म्हणजे निजामाच्या कारभारातली कालगणना. फसली १३५७ दिसलं की त्यात ५९० मिळवायचे, म्हणजे १९४७ येतं. त्यातही फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुमाराला सुरू व्हायचं. त्यामुळं १३५७ म्हणजे १९४७-४८, हैदराबाद संस्थानाचं शेवटचं वर्ष. महिना बघितला नाही, तर मुक्तिसंग्रामातली घटना एक वर्ष अलीकडे-पलीकडे सरकते.

आता एक कबुली. हे कपाट सगळंच असं नाही. 'अमुक लेखकाच्या कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रण: एक चिकित्सक अभ्यास.' लेखकाचं नाव बदला, दुसरा प्रबंध तयार. नोकरीसाठी पदवी लागते, बढतीसाठी लागते, आणि गरजेपोटी लिहिलेलं पहिल्या पानावरच ओळखू येतं. असे प्रबंध महाराष्ट्रातल्या कुठल्याही विद्यापीठात हातभर सापडतील. आम्ही ते आहेत तिथंच राहू दिले.

(दृश्य: पहाटेचा अंधार. पुनर्वसित गावातल्या सरळ रेषेतल्या गल्ल्या.)

एकाच घटनेकडं किती विषयांनी बघता येतं, याचं या भागातलं उत्तर म्हणजे किल्लारीचा भूकंप. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. हा भूभाग स्थिर समजला जायचा, म्हणून भूशास्त्राला तो धक्काच. स्थापत्यवाल्यांनी घरं बघितली: मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गार राहणारं तेच छप्पर त्या पहाटे झोपलेल्या माणसांवर आलं. समाजशास्त्राचं काम नंतर सुरू झालं. बावन्न गावं नव्या जागी वसवली. घर किती मोठं, हे जमिनीवर ठरलं: भूमिहीनाला २५० चौरस फूट, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. जुन्या गावात भिंतीला भिंत लागून होती. नव्या गावात चुलतभाऊ दोन गल्ल्या पलीकडं गेला. दारात बसून बोलायची सवय होती, ते दारच रस्त्यावर उघडायला लागलं.

(दृश्य: तांडा. कडुनिंबाखाली बसलेल्या बाया. मोबाइल रेकॉर्डिंगला लावलेला.)

आणि हा तांडा. बंजारा समाजाची गोरमाटी बोली. तिला स्वतःची लिपी नाही. आपल्याकडं ती देवनागरीत लिहितात, तेलंगणात तेलुगू लिपीत, कर्नाटकात कन्नडमध्ये. एकच गाणं तीन राज्यांत तीन अक्षरांत. होळीच्या लेंगी मिळतात, कुणीही हौसेनं म्हणून दाखवतं. ढावलो मात्र सहजी हाती लागत नाही. सासरी निघालेल्या नवरीचं ते रडणं, आया-बहिणींच्या गळ्यात पडून म्हणायचं. मोबाइलसमोर, दुपारी दोन वाजता, परक्या माणसासाठी ते म्हणायचं कसं? संशोधकाला लग्नसराईपर्यंत थांबावं लागतं. मग हुंदक्यात अर्धे शब्द बुडालेले. ते कागदावर उतरवताना देवनागरीत हुंदक्याला चिन्ह नाही, म्हणून तिथं टिंबं येतात.

(दृश्य: पुन्हा कपाट. मग मोबाइलचा पडदा, त्यावर प्रबंधाचं पान.)

हे प्रबंध पूर्वी ग्रंथालयात बसूनच वाचायला लागायचे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २००९ च्या नियमांनी प्रबंधाची संगणकीय प्रत देणं बंधनकारक केलं आणि शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर, तो कुणालाही उघडता यायला लागला. भूजलाचे बहुतेक प्रबंध इंग्रजीत आहेत, हे खरं. ज्यांच्या हातपंपाचं पाणी बाटलीत भरलं, त्यांना ती भाषा परकी. पण मागं परिशिष्टात तक्ता असतो: नमुना क्रमांक, गाव, तालुका, आणि शेवटच्या रकान्यांत कुठंतरी फ्लोराइड. गावांची नावं इंग्रजी अक्षरांत असली तरी दहावीतल्या पोरीला वाचता येतात. ती बोट सरकवत खाली जाते. आपलं गाव सापडलं की त्या ओळीत आडवं जायचं आणि आकडा दीडच्या वर आहे का खाली, तेवढं बघायचं.