गिअर नंतर, ब्रेक आधी

(दृश्य: जुलैमधला पाऊस. आरे-वारेचा किनारी रस्ता.)

रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला जाणारा हा रस्ता. खाडीपर्यंत उतरायचं, पूल ओलांडायचा, की पुन्हा चढ. कोकणपट्टीत सपाटी मिळते ती सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, आणि सड्यावरून वाडीत उतरायला पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट. त्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. इथे माउंटन बाईक घेताना गिअर किती, हा प्रश्न नंतरचा; आधी ब्रेक कुठला.

(दृश्य: सायकलचं दुकान. लिव्हर दाबणारा हात.)

"डिस्क आहे, दादा." दुकानात हे हमखास ऐकू येतं. डिस्क ब्रेक म्हणजे चाकाच्या मध्याशी बसवलेली चकती, तिला दोन बाजूंनी पॅडं चिमटतात. ती आहे, पण कुठली? लिव्हर तार ओढत असेल, तर ती केबलची डिस्क. स्वस्तातल्या बहुतेक अशा ब्रेकमध्ये एकाच बाजूचं पॅड हलतं. वरून डोकावून बघा: ते पॅड पातळ चकतीला किंचित वाकवत पलीकडच्या पॅडवर नेऊन टेकवतं. पॅड झिजलं की फट वाढते, ती हातानेच कमी करावी लागते. शिवाय खाऱ्या हवेत तार गंजते, लिव्हर जड होते. असली डिस्क घेण्यापेक्षा चांगला व्ही-ब्रेक, म्हणजे रिमवर (चाकाच्या कडीवर) दोन्ही बाजूंनी रबर दाबणारा ब्रेक, बरा, असं आमचं स्पष्ट मत.

(दृश्य: लाल चिखलाने माखलेली रिम.)

व्ही-ब्रेकची रबरं तालुक्याच्या गावी सहज मिळतात. पण ओल्या रिमवर पहिला क्षण पाणी पुसण्यातच जातो. जांभ्याची रेव रबरात रुतली की रिम घासली जाते. पाखाडीवर आपटून चाक आउट झालं, म्हणजे वाकडं झालं, तर ते रबराला घासत फिरतं. आणि पुढे कधीतरी डिस्क बसवू म्हणाल, तर फ्रेमला, फोर्कला (पुढच्या चिमट्याला) आणि हबला (चाकाच्या मधल्या भागाला) तशी सोय आहे का, हे आजच बघून घ्या.

(दृश्य: हायड्रॉलिक लिव्हर, जवळून.)

परवडत असेल तर हायड्रॉलिक. तार नाही, नळीत तेल. दोन्ही पॅडं सरकतात, झीज बरीचशी आपोआप भरून निघते. लिव्हर घट्ट दाबून धरा; हळूहळू हँडलकडे बसत गेली, तर आत हवा आहे किंवा कुठेतरी गळती.

तेलाचे प्रकार दोन. डॉट तेल हवेतली ओल शोषतं, त्यामुळे उकळायला लवकर लागतं; आपल्या दमट हवेत ते वेळोवेळी बदलावंच लागतं. मिनरल ऑइल पाणी शोषत नाही, म्हणून आमची पसंती त्याला. अडचण एकच: डॉट ४ मोटरसायकलच्या गॅरेजात मिळतं, मिनरल ऑइल तसं मिळत नाही. म्हणून "हेच टाकून देतो" म्हणणाऱ्या मेकॅनिकला थांबवा. मिनरलच्या ब्रेकमध्ये डॉट गेलं की आतली सीलं फुगून बाद होतात. कुठलं तेल, ते बहुधा लिव्हरवरच लिहिलेलं असतं.

(दृश्य: आंबोली घाट, धुकं.)

सामान लादून आंबोलीसारखा घाट उतरणार असाल, तर पुढची चकती १६० ऐवजी १८० मिलिमीटरची घ्या. ती कमी तापते. रेझिनची पॅडं कमी आवाज करतात, पण ओल्या रेवेत लवकर संपतात. धातूची टिकतात. मात्र काही चकत्यांवर फक्त रेझिन पॅड वापरा असं कोरलेलं असतं, त्यांना धातूची लावू नका.

पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, फिरून आलात की गोड्या पाण्याने धुवा. चेनला तेल देताना चकतीवर फडकं टाका, एक थेंबही पॅडं बिघडवतो. भिजल्यावर डिस्क किंचाळते, ती वाळेपर्यंतच.