‘रन’ म्हणजे धावणे?

मंडळी, ‘रन’ या क्रियापदाच्या अर्थांवर बोलायचं मी कबूल केलंय. पण आधी एका रस्त्याची गोष्ट सांगतो.

आठवीत भाषांतराला वाक्य होतं, ‘द रोड रन्स अलाँग द रिव्हर.’ मी लिहिलं, ‘रस्ता नदीच्या काठाकाठानं जातो.’ सरांनी ‘जातो’वर काट मारली आणि लाल शाईनं वर लिहिलं, ‘धावतो’. मी विचारलं, सर, रस्ता कसा धावेल? ते म्हणाले, ‘रन म्हणजे धावणे. पाठ केलंस ना?’ केलं होतं. एका ओळीत एक शब्द, त्याच्यासमोर एक अर्थ, अशी आमची वही होती. तो अर्धा गुण मला अजून खुपतो. गुण गेला म्हणून नव्हे. वर्गातल्या बाकीच्या मुलांनीही त्या दिवशी आपापलं ‘जातो’ खोडलं, म्हणून. मुलांना आपसूक सुचलेलं बरोबर मराठी त्या वहीनं खोडायला लावलं.

त्या वहीसमोर ऑक्सफर्डचा मोठा कोश ठेवून बघा. 1989च्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद ‘सेट’ची होती, 430हून जास्त अर्थांची. पुढे ‘रन’ची नोंद नव्यानं झाली. संपादक पीटर गिलिव्हर त्या एका क्रियापदावर नऊ महिने बसले. अर्थ निघाले 645! नऊ महिने एका शब्दाजवळ बसणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

एवढे अर्थ आले कुठून? पाय धावतात, पाणी वाहतं, नाक गळतं, धुताना कपड्याचा रंग जातो. इंग्रजीत सगळीकडे ‘रन’. मग यंत्रं आली, त्यांच्यामागून संगणकाचे प्रोग्रॅम आले, आणि तीही ‘रन’ होऊ लागली. आपल्याकडे यंत्र चालतं. फ्रेंचांचंही घड्याळ ‘मार्श’ करतं, म्हणजे चालतंच.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. खरा मुद्दा आता भरभर सांगतो. आपण ‘चालणे’पासून ‘चालवणे’ करतो. रूप बदलतं, कोशात वेगळी नोंद होते. इंग्रजीत यंत्र ‘रन’ होतं आणि कंपनी चालवणाराही ती ‘रन’च करतो. रूप तेच, त्यामुळे दोन्हींचा भार एकाच नोंदीवर पडतो. त्यात मागे लागणारे छोटे शब्द: ‘रन आउट’ म्हणजे संपणं, ‘रन इंटू’ म्हणजे अचानक गाठ पडणं, ‘रन ओव्हर’ म्हणजे अंगावरून गाडी जाणं. अर्थ त्या जोडीत असतो, म्हणून वहीत जोडी लिहायला हवी, सुटं ‘रन’ नव्हे.

आणि इंग्रजीही सगळीकडे एकसारखी धावत नाही. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये तो ‘स्टँड’ करतो. मराठीतही तो उभाच राहतो.